वाचक विचारतात : लेखक शाळेत बोलवायचा तर…

कुमारवयीन मुलांसाठी लिहिणारे लेखक शाळांमध्ये अभिवाचन करतात, लेखन-कार्यशाळा घेतात. त्याविषयी गेल्या महिन्यात प्रश्न मागवले होते. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून लेखक, शिक्षक, ग्रंथपाल, पालक अशा सगळ्यांची पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : सातवी ते दहावीच्या मुलांसाठी लिहिलेली माझी पहिली कादंबरी यंदा आली. नाशिकमधल्या शाळांत तिचे वाचन करावे, जमल्यास कार्यशाळा घ्यावी अशी इच्छा आहे. दोन शाळांना पत्रे दिली, उत्तर नाही. काय चुकले असेल? — एक लेखिका, नाशिकरोड

उत्तर : बहुतेक वेळा चुकतो तो महिना. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात आणि जूनभर प्रवेश, पुस्तकवाटप, वेळापत्रक यांतून कोणाला मान वर काढता येत नाही. त्या दिवसांत आलेले पत्र फायलीला लागते. जुलैचा दुसरा आठवडा ते ऑगस्टअखेर हा पहिला चांगला काळ. मधली घटक चाचणी कधी आहे ते शाळेत विचारून घ्या. गणपती उठले की प्रथम सत्र परीक्षेचे वारे सुरू होतात. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पुन्हा तीन-चार आठवडे मोकळे मिळतात, त्यानंतर स्नेहसंमेलनाच्या तालमी. जानेवारीत नववीपर्यंतचे वर्ग मिळू शकतात. शाळेत बोर्डाचे परीक्षा केंद्र असेल तर फेब्रुवारी-मार्च विसरा, कारण खोल्याच रिकाम्या नसतात.

दोन तारखांबद्दल वेगळे सांगावे लागेल : १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रजांच्या गावात २७ फेब्रुवारीला प्रत्येक शाळेला लेखक हवा असतो, आणि तो भाषणासाठी हवा असतो. आमंत्रण आले तर जरूर जा, पण कार्यशाळेसाठी दुसरी तारीख त्याच बोलण्यात मागून घ्या. त्या दिवशी व्यासपीठ, ग्रंथदिंडी, काव्यगायन यांत लेखनाला जागा उरत नाही.

पत्र मुख्याध्यापकांच्या नावे लिहा, पण नेऊन द्या मराठीच्या शिक्षकांच्या किंवा ग्रंथपालांच्या हातात. शाळा दोन सत्रांत भरत असेल तर सकाळची सुटून दुपारची भरण्याच्या मधली वीस मिनिटे भेटीसाठी उत्तम. पत्र एक पानाचे असावे. कोणत्या इयत्तेसाठी, किती मिनिटे, एका वेळी जास्तीत जास्त किती मुले, शाळेने काय पुरवायचे आणि मानधन किती, एवढे त्यात स्पष्ट हवे. आपला साहित्यिक परिचय चार ओळींत आटपा. सोबत कादंबरीची एक प्रत ग्रंथालयासाठी आणि तीन-चार पानांच्या उताऱ्याची झेरॉक्स जोडा. शिक्षक ती पाने वर्गात वाचून दाखवतात आणि मुलांनीच "हे पुढे काय झालं?" असे विचारले की आमंत्रण येते.

परवानगीच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. महापालिकेच्या शाळेसाठी मनपाचा शिक्षण विभाग, जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, शासकीय आश्रमशाळेसाठी आदिवासी विकास विभागाचे नाशिक किंवा कळवण येथील प्रकल्प कार्यालय. मोठ्या शिक्षणसंस्थेच्या शाळेत मुख्याध्यापक "हो" म्हणाले तरी संस्थेच्या कार्यालयाचे पत्र लागू शकते. पहिल्याच भेटीत विचारून ठेवले तर पंधरा दिवस वाचतात.

प्रश्न : कादंबरीतला कोणता भाग वाचावा? मी पहिले प्रकरण वाचले तेव्हा मुले चुळबुळ करू लागली. — सिडको

उत्तर : पहिल्या प्रकरणाचे काम वाचकाला घरात घेण्याचे असते. पात्रांची ओळख, गावाचे वर्णन, मागचा थोडा इतिहास हे सगळे त्यात येते. डोळ्यांनी वाचताना ते चालते, कानांनी ऐकताना लांबते. मधला असा प्रसंग घ्या ज्यात दोन, फार तर तीन पात्रे आहेत, जागा एकच आहे आणि एकाला काहीतरी हवे आहे जे दुसरा देत नाही. आधीची पार्श्वभूमी तीन वाक्यांत तोंडी सांगा. तीन वाक्यांत सांगता येत नसेल तर तो प्रसंग वाचनाला योग्य नाही, दुसरा शोधा.

मुलांसमोर वाचताना मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्दांच्या पुढे जाऊ नये. तासिका ३५ मिनिटांची असते. मुले स्थिरावण्यात पाच जातात. वाचन आठ ते दहा मिनिटांचे ठेवले की प्रश्नांना पंधरा मिळतात. म्हणजे उतारा नऊशे ते हजार शब्दांचा. छापील पुस्तकातून वाचू नका. तो भाग १६ पॉइंटच्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापून घ्या, आणि प्रत्येक पान पूर्ण वाक्यावर संपेल असे पाहा. वाक्याच्या मध्ये पान उलटताना जी फट पडते तिथे वर्गाचे लक्ष निसटते. "तो म्हणाला", "ती उत्तरली" हे आवाजाच्या बदलाने कळते, तिथे काट मारा. दोन विशेषणांपैकी एक काढा. पुस्तकाला त्याने काही होत नाही, ही वाचनाची प्रत आहे.

थांबायचे कुठे? पात्राला काहीतरी ठरवायचे आहे आणि त्याने अजून ठरवलेले नाही, तिथे. मग लगेच "काही प्रश्न?" असे विचारू नका, त्याला उत्तर शांतताच मिळते. मागे शिक्षक उभे असतात आणि प्रश्नसुद्धा बरोबर-चूक असतो अशी मुलांना सवय असते. "तुम्ही त्याच्या जागी काय केलं असतं, शेजारच्याशी एक मिनिट बोला," असे म्हणा. वर्गात गलका होईल, तो होऊ द्या. दुसरा उपाय चिठ्ठ्यांचा. वाचनाआधीच प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या, नाव लिहायचे नाही, आणि वाचन संपल्यावर गोळा करून एकेक उघडा. लाजऱ्या मुलांचे प्रश्न असेच हाती लागतात.

प्रश्न ठरलेले असतात : हे खरे घडले आहे का, किती दिवस लागले, किती पैसे मिळाले. तिन्हींची खरी उत्तरे द्या. पैशांचा प्रश्न हसून उडवू नका. लेखन हे काम आहे की छंद, हे जाणून घ्यायचा मुलांना हक्क आहे. आणि सोबत कच्च्या खर्ड्याची खाडाखोड केलेली दोन-तीन पाने न्याच. शाळेत वही स्वच्छ असण्याला गुण असतात. छापलेल्या पुस्तकामागे अशी रेघोट्यांनी भरलेली पाने असतात हे डोळ्यांनी पाहिले की मुलांचा हात सैल होतो. कार्यशाळेची खरी सुरुवात तिथे होते.

प्रश्न : आमची पटसंख्या आठशे आहे. सगळ्यांना लाभ व्हावा म्हणून सभागृहात एकत्र कार्यक्रम ठेवला तर? — मुख्याध्यापक, सातपूर

उत्तर : ठेवू नये. आठशे मुलांपर्यंत आवाज पोहोचतो, कादंबरी पोहोचत नाही. शिवाय सभागृह म्हटले की दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत आणि आभार आलेच, आणि वाचनाला दहा मिनिटे उरतात. पाहुण्यांचा मान राखणे योग्यच आहे, तो शिक्षककक्षात चहाबरोबर राखता येतो. दिवसाला दोन अभिवाचने आणि एक कार्यशाळा एवढेच ठरवा, त्यापलीकडे लेखकाचा आवाज टिकत नाही. आठवी किंवा नववी, कोणतीही एकच इयत्ता निवडा आणि तिच्या सगळ्या तुकड्या पूर्ण करा. उरलेल्यांना पुढच्या वर्षी. पावसाळ्यात पत्र्याच्या छताखालचा हॉल तर अजिबात नको, सर आली की माईकवरचेही ऐकू येत नाही.

प्रश्न : माझ्या वर्गात साठ मुले आहेत. एवढ्यांची लेखन-कार्यशाळा होऊ शकते का? आमच्याकडे लेखक आले होते, त्यांनी छान बोलून दाखवले, पण मुलांनी लिहिले ते निबंधासारखेच. — मराठी शिक्षिका, पंचवटी

उत्तर : होते, मात्र दोन तासिका जोडून, म्हणजे सत्तर मिनिटे लागतात आणि वर्गात दोन मोठी माणसे लागतात : लेखक आणि आपण. बाके हलवायची गरज नाही. पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून बसले की चार-सहा जणांचे गट होतात. प्रत्येकाला तीन पाठकोरे कागद द्या. वही नको, वही दिसली की समास आखला जातो. पेन चालेल, खोडरबर नको. चुकले तर रेघ मारायची आणि पुढे जायचे.

पहिली दहा मिनिटे गोष्ट लिहायचीच नाही, यादी करायची. रोज जिथून जातो अशी एक जागा निवडायची : निमाणीचा बसथांबा, रविवार कारंजा, रामकुंडाकडे उतरणारी पायरी, सोसायटीचा जिना, कंपनी सुटतानाचे फाटक. त्या जागेबद्दल पाच ओळी : काय ऐकू येते, कसला वास येतो, कोण कायम तिथे असते, गेल्या वर्षभरात काय बदलले, आणि तिथे आपल्याला कुठे जायला मनाई आहे. शेवटचा मुद्दा सोडू नका. पुढे गोष्ट बहुतेक तिथूनच निघते. फळ्यावर चार शब्द लिहून त्यांवर फुली मारा : सुंदर, छान, खूप, रम्य. आज हे चार शब्द बंद.

पुढची दहा मिनिटे पात्र. ते लिहिणाऱ्याच्याच वयाचे, एकच, आणि त्याला आज संध्याकाळच्या आत काहीतरी हवे आहे. "सुख" किंवा "यश" नाही. हातात धरता येईल किंवा तोंडाने मागता येईल असे काही हवे : सायकलची किल्ली, एक फोन, दोनशे रुपये, बाबांची सही. मग ते मिळू न देणारे कोण, हे ठरवायचे. तो दुष्ट नसावा, त्याचेही कारण असावे. या एका अटीने खलनायक गळतात आणि घरातली माणसे गोष्टीत येतात.

मग वीस मिनिटे लेखन. या वेळात बोलणे बंद, आपण आणि लेखकानेही खाली बसून लिहायचे. रांगांमधून फिरून कागदात डोकावले की मुले हाताने कागद झाकतात आणि वाक्ये सुरक्षित होतात. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा या वीस मिनिटांत कोणी दुरुस्त करायच्या नाहीत. शुद्धलेखन महत्त्वाचे आहे आणि त्याची पाळी शेवटच्या खर्ड्यात येते. आधी आणली तर मूल आपल्याला लिहिता येणारेच शब्द वापरते, आणि त्याला सुचलेले शब्द बाजूला पडतात.

त्यानंतर दहा मिनिटे शेजाऱ्याबरोबर कागदांची अदलाबदल. वाचणाऱ्याने "छान आहे" म्हणायचे नाही. एकच गोष्ट लिहून द्यायची : मला इथे काय दिसले नाही. पुढची दहा मिनिटे त्याच्या आधारे पहिली तीन वाक्ये पुन्हा लिहायची, तिसऱ्या कागदावर, नव्याने. वेळ कमी पडला की बहुतेक कार्यशाळांत नेमका हाच भाग कापला जातो, आणि आमच्या मते सगळ्यांत मोलाचा भाग हाच आहे. कापायचेच असेल तर शेवटचे जाहीर वाचन कापा. त्याला दहा मिनिटे ठेवली आहेत, चार-पाच जण वाचतात, तेही ज्यांनी हात वर केला तेच.

आता निबंध का होतो ते पाहू. परीक्षेतल्या कथालेखनात मुद्दे दिलेले असतात, शीर्षक लागते आणि बहुधा तात्पर्यही. मुले वर्षानुवर्षे तात्पर्यापासून उलटी गोष्ट रचायला शिकलेली असतात. म्हणून सुरुवातीलाच सांगा : आज शीर्षक नाही, तात्पर्य नाही, आणि शेवट झाला नाही तरी चालेल. आणखी तीन ठरलेल्या अडचणी येतात. एक, "आणि मला जाग आली" हा शेवट. मूल अडचणीत सापडलेल्या पात्राला सोडवू शकत नाही म्हणून ते स्वप्नातून पळ काढते. त्याला सोडवायला लावू नका, अडचणीत असतानाच थांबू द्या. दोन, जन्मापासून लग्नापर्यंतची सगळी हकिगत एका पानात. उपाय म्हणजे गोष्ट घड्याळाच्या एका तासात घडली पाहिजे ही अट. तीन, गोष्ट परदेशातल्या हवेलीत किंवा वेबसिरीजमधल्या वसतिगृहात घडते. भूतकथा लिहायला हरकत नाही, पण हवेली लिहिणाऱ्याच्या पायाखालची असावी. त्यासाठीच आधी जागेची यादी.

आम्ही रचलेले एक उदाहरण देतो. पहिला खर्डा असा असतो : "गोदावरीला खूप मोठा पूर आला. सगळीकडे पाणीच पाणी झाले. लोक घाबरले." शेजारी विचारतो, पाणी कुठवर आले? पंचवटीतल्या मुलाला हे मोजायला शिकवावे लागत नाही, पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात हे त्याला माहीत असते. लोक म्हणजे कोण? घाबरले म्हणजे त्यांनी काय केले? मग तिसऱ्या कागदावर येते : "पाणी मारुतीच्या कमरेला लागलं तशी आजी दुकानातल्या खालच्या फळीवरच्या कुंकवाच्या पुड्या वरच्या फळीवर ठेवू लागली. मी म्हटलं, आजी, घरी चल. ती म्हणाली, अजून छातीपर्यंत यायचंय." एकही अवघड शब्द आलेला नाही. पाणी, माणूस आणि हट्ट तिन्ही दिसू लागले.

प्रश्न : इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी कादंबरीचे वाचन करावे का? मुलांना वाचता येते, पण हळू. — गंगापूर रोड

उत्तर : अवश्य करावे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे, म्हणजे मराठीचे शिक्षक आणि तासिका तिथे असतातच. उतारा पाचशे-सहाशे शब्दांवर आणा आणि संवादप्रधान निवडा. दोन मुलांना दोन पात्रांचे संवाद आदल्या दिवशी देऊन ठेवा, निवेदन लेखकाने वाचावे. लेखनात मुले घरी जशी बोलतात तशी सरमिसळ मराठी येईल. पहिल्या खर्ड्यात ती येऊ द्या.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेतली मुले घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. शहरातले लेखक आले तर मुले एक शब्द बोलत नाहीत. — शिक्षक, सुरगाणा तालुका

उत्तर : आधी तारखेचे पाहू, कारण आपल्याकडे तीच निम्मी बाजू सावरते. जुलैत भात-नागलीच्या आवणीला, म्हणजे रोपलावणीला, घरचे मुलांना बोलावतात, आणि पावसात घाटरस्त्याचा भरवसा नसतो. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्यातली कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि काही मुले त्यांच्याबरोबर जातात. सप्टेंबर हा त्यातल्या त्यात भरल्या वर्गाचा महिना. लेखकाला अर्ध्या दिवसासाठी बोलावू नका, मुक्कामी बोलवा. पहिल्या संध्याकाळी त्यांनी काही वाचू नये. मुलांनी सांगावे आणि त्यांनी ऐकावे. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातली सोंगे, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाच्या वेळच्या हकिगती, रानात गुरे हरवल्याच्या कथा मुलांकडे भरपूर असतात, आणि ऐकणारा मनापासून विचारतोय हे कळले की ती बोलतात.

दुसऱ्या दिवशीच्या लेखनात पहिला खर्डा घरच्या बोलीतच लिहू द्या, देवनागरीत, जसा कानाला येतो तसा. दुसऱ्या खर्ड्यात निवेदन प्रमाण मराठीत आणायचे आणि संवाद बोलीत ठेवायचे. मराठी कथा-कादंबरीत ही पद्धत पूर्वापार रुळलेली आहे, त्यात कमीपणा काही नाही, हे लेखकाच्या तोंडून मुलांनी ऐकले पाहिजे. बागलाण-मालेगावकडच्या अहिराणी बोलणाऱ्या वर्गांनाही हेच लागू. एक गोष्ट मात्र करू नका : बोलीतला शब्द खाली तांबड्या शाईने अधोरेखित करणे. एकदा ते झाले की पुढचा खर्डा पाठ्यपुस्तकातून येतो.

प्रश्न : मानधन किती सांगावे? शाळा म्हणतात, "तुमचीच पुस्तके विकली जातील ना." — लेखक, इंदिरानगर

उत्तर : आकडा आपणच ठरवायचा, पण तो तासिकेवर ठरवू नका. सत्तर मिनिटांची कार्यशाळा, तयारीला एक तास, जाणे-येणे आणि थांबणे दीड तास, आणि साठ कागद प्रत्येकी तीन मिनिटांनी वाचायचे म्हणजे तीन तास. बेरीज साडेसहा तासांवर जाते, म्हणजे तो एक पूर्ण दिवस आहे. दिवसाचे मानधन सांगा, प्रवासखर्च वेगळा. कागद वाचणे परवडत नसेल तर ते पत्रातच स्पष्ट करा. मुलांनी दिलेले कागद न वाचता परत करणे फार वाईट.

शाळेकडे खरोखर तरतूद नसेल तर जवळच्या दोन शाळांनी एकच दिवस वाटून घ्यावा, किंवा माजी विद्यार्थ्यांना विचारावे. पुस्तकविक्री हे मानधन नव्हे, आणि वर्गात पुस्तके विकूच नयेत. ज्याच्या खिशात पैसे नाहीत ते मूल त्या क्षणी वर्गातून मनाने बाहेर पडते. मागणीची चिठ्ठी घरी पाठवा, पुस्तके आठवड्याने ग्रंथपालांमार्फत द्या. शाळेने ग्रंथालयासाठी एका प्रतीऐवजी पाच घेतल्या तर एका गटाला एकाच वेळी वाचता येते, ते आम्हाला सगळ्यांत उपयोगाचे वाटते. पक्के बिल प्रकाशक किंवा विक्रेता देतो, लेखकाने हाताने लिहिलेली पावती शाळेच्या लेखापरीक्षणात अडते.

प्रश्न : कादंबरीत आठवीतल्या मुलीला आवडणाऱ्या मुलाचा उल्लेख आहे. पर्यवेक्षकांनी वाचन मध्येच थांबवले. अशा वेळी काय करावे? — देवळाली

उत्तर : थांबवले तर थांबा, मुलांसमोर वाद नको. पण ही वेळ टाळता येते. आठ दिवस आधी नेमका उतारा आणि कादंबरीचा एका परिच्छेदाचा सारांश पाठवा, त्यात प्रेम, जात, व्यसन, आत्महत्या असे काही असेल तर ते उघड लिहा. हरकत आली तर दुसरा उतारा द्या. उतारा तोच ठेवून मधली वाक्ये गाळू नका, मुले पुस्तक मिळवून ती ओळ शोधतातच. विषय टाळल्याने तो त्यांच्या आयुष्यातून जात नाही, हे शाळेला आधीच्या भेटीत शांतपणे सांगता येते.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, वहीत लपवून लिहिते. कार्यशाळेत तिला सर्वांसमोर वाचायला लावले, तेव्हापासून तिने लिहिणे थांबवले. आणि मुलांनी घरातले काही गंभीर लिहिले तर लेखक काय करतात? — पालक, महात्मानगर

उत्तर : वाचायला लावणे चूकच होते. वाचणे नेहमी स्वखुशीने, आणि "माझ्या वतीने दुसऱ्याने वाचावे" किंवा "कोणीच वाचू नये" हे पर्यायही सुरुवातीला सांगायला हवेत. कागदाचा कोपरा दुमडला असेल तर तो लेखकानेही उघडायचा नाही, अशी खूण ठरवता येते. मुलीला लगेच पुन्हा लिहायला सांगू नका, वही मागू नका. तिच्या वयाच्या मुलांसाठीचे चांगले पुस्तक घरात दिसेल असे ठेवा. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, त्यात मुलांचे लेखन येते. कोणासमोर उभे न राहता लिहिणे छापले जाऊ शकते हे तिला त्यातून दिसेल.

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कोणत्याही लेखकाने मुलांना "तुम्ही लिहाल ते कोणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नये. "तुम्हाला कोणी इजा करत असेल असे मला वाटले तर मी मदत मागेन," हे आधीच सांगावे. गोष्ट काल्पनिक असू शकते, म्हणून वर्गात चौकशी करायची नाही, मुलाला बाजूला घेऊन उलटतपासणीही नाही. कागद जपून ठेवायचा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी, समुपदेशक असतील तर त्यांच्याशी बोलायचे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, ते लेखकावरही. शाळेने पाहू म्हटले तरी जबाबदारी संपत नाही. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. फळ्याच्या कोपऱ्यात हा क्रमांक कार्यशाळेच्या सुरुवातीलाच लिहून ठेवावा, म्हणजे कोणाकडे बोट न दाखवता सगळ्यांना मिळतो. शिवाय लेखक वर्गात मुलांबरोबर एकटा राहणार नाही, शिक्षक पूर्ण वेळ थांबतील, हे शाळेने लेखी ठरवून घ्यावे.

प्रश्न : कार्यशाळेनंतर हस्तलिखित अंक काढायचा आहे. कसा काढावा? मुलांचे लेखन छापायला कोणाची परवानगी लागते? — ग्रंथपाल, मेन रोड परिसर

उत्तर : कार्यशाळेनंतर तीन आठवड्यांच्या आत काढा, पुढे उत्साह ओसरतो. पहिल्या आठवड्यात दुसरा खर्डा, दुसऱ्यात शुद्धलेखन, तिसऱ्यात सुवाच्य प्रत. शुद्धलेखन शिक्षकांनी एकहाती न करता मुलांनी जोडीने करावे. ए-फोर कागद, डावीकडे तीन सेंटिमीटर कोरे, नाहीतर बांधणीत अक्षरे जातात. काळ्या जेल पेनने लिहा. निळी शाई झेरॉक्समध्ये फिकी येते आणि पेन्सिलची चित्रे उठतच नाहीत. चाळीस पानांच्या आत अंक ठेवा. सगळ्यांचे सगळे बसणार नाही, म्हणून ज्यांची गोष्ट नाही त्यांचा निदान एक परिच्छेद किंवा तीन पक्की वाक्ये घ्या. साठ नावे अनुक्रमणिकेत आलीच पाहिजेत. मूळ प्रत ग्रंथालयात नोंद क्रमांक देऊन ठेवा, वर्गाला झेरॉक्स द्या. १८४० पासून चाललेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयालाही एक प्रत नेऊन द्यावी, जमल्यास मुलांनाच घेऊन.

लेखनाचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, तो मूल असले तरी. कार्यशाळा घेणाऱ्या लेखकाचा किंवा शाळेचा त्यावर आपोआप हक्क येत नाही. लेखकाला त्यातला प्रसंग स्वतःच्या पुस्तकात वापरायचा असेल तर त्यानेही विचारले पाहिजे. मूल अल्पवयीन असल्याने सही पालकांची, पण आधी मुलाला विचारून. संमतीपत्रात तीन गोष्टींना वेगवेगळे हो-नाही ठेवा : शाळेच्या अंकात छापणे, शाळेबाहेर किंवा समाजमाध्यमांवर देणे, आणि पूर्ण नावाऐवजी फक्त पहिले नाव वापरणे. छायाचित्रासाठी चौथी ओळ वेगळी. कागद परत न आल्यास उत्तर "नाही" असे धरा आणि ती गोष्ट मुलाला परत द्या.